तात्या, उतारा आणि आमच्या पोराचा प्रश्न

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला 'सीमाभागाच्या आठवणी' असा विषय दिलाय, पण आठवणी आपण दर मेळाव्याला काढतोच, गणपत गल्लीतली गर्दी, कुंदा, लोंढ्याची पॅसेंजर, पावसाळ्यातलं इरलं, ते तुम्हाला मी काय सांगू. आज मला वेगळंच बोलायचंय, कारण मे महिन्यात माहेरी जाऊन आल्यापासून आमच्या पोराचं एक वाक्य डोक्यातून जाईना झालंय.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या बाजूला. गोव्यात मोपाच्या विमानतळावर उतरलो आणि चोर्ला घाटानं वर गेलो. घरी आता तात्या म्हणजे माझे काका, आणि काकू, दोघंच. तात्या ऐंशीच्या पुढचे, 1956 च्या जानेवारीत बेळगावात सीमाप्रश्नाच्या आंदोलनात गोळीबार झाला तेव्हा शाळेत होते, त्या दिवसाचं बोलायला लागले की अजून आवाज चढतो. आम्ही पोचलो, काकूनं तांदळाची भाकरी आणि ओल्या काजूची उसळ वाढली, आणि हात वाळायच्या आत तात्या काठी घेऊन उठले, म्हणाले चला, शेत बघून येऊया.

भर उन्हात आम्हाला सगळं फिरवलं. हा बांध आपला, ह्याच्या पलीकडं भावकीचं. हा हद्दीचा दगड, पावसात माती चढते, दरवर्षी उकरून मोकळा करायचा. पाणी ह्या बाजूनं सोडायचं, त्या बाजूनं सोडलं तर भांडण. गवे ह्या कोपऱ्यातनं भातात शिरतात. घरी आल्यावर पत्र्याची ट्रंक काढून कागद दाखवले, परड्यातली विहीर दाखवली, माळ्यावर किती वासे बदलायला झालेत तेही दाखवलं. रात्री पोरगं झोपताना मला म्हणालं, "आई, आजोबा आपल्याला घर असं का दाखवत होते? आपण विकत घ्यायला आलोय असं वाटलं का त्यांना?"

आता त्याचं बरोबरच आहे. इथं आम्ही घर घेतलं तेव्हा एजंट असाच खोली खोली दाखवत फिरला होता, त्यानं ते बघितलेलं. मला मात्र झोप लागली नाही. घरच्या लेकीला कुणी हद्दीचे दगड दाखवतं का? पुढं ह्यांना कुणी सांगणारं नसेल असं वाटतं तेव्हाच दाखवतं.

आणि विकत घेणारे खरोखर येतातच. 2020 साली कर्नाटकात कायदा बदलला, शेतकरी नसलेल्यालाही आता शेती घेता येते. तात्या त्यांना चहा देऊन वाटेला लावतात. पण कुठवर लावणार? वाडीतली पोरं निम्मी गोव्यात कामाला, उरलेली बेळगावात.

त्या ट्रंकेचं सांगते. जुने कागद मराठीत, काही मोडीत, आणि हल्लीचा उतारा सगळा कन्नडमध्ये. तात्यांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. शेजारची एक मुलगी कन्नड शाळेत शिकते, ती येऊन वाचून दाखवते आणि प्रत्येक कागदाच्या मागं पेन्सिलीनं मराठीत लिहून ठेवते, "हा विहिरीच्या तुकड्याचा", "ह्यावर वारसा नोंद बाकी". ते अक्षर बघून मला भरून आलं. आपण काय करतो? 1 नोव्हेंबरला, कर्नाटक स्थापनेच्या दिवशी, निषेध म्हणून काळ्या पट्टीचा फोटो लावतो, कोर्टाची तारीख पडली की ग्रुपवर तावातावानं लिहितो. महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो लढायलाच हवा, मी त्याच्या बाजूची आहे. पण निकाल लागेपर्यंत आपल्या म्हाताऱ्यांचा उतारा वाचायला एक शाळकरी पोर आहे, आणि पुढच्या वर्षी तीही कॉलेजला बेळगावला जाईल. तिचं कन्नड आपल्या घराला उपयोगी पडलं हेही मला इथं स्वच्छ सांगायचंय, कारण आपल्यातले काही जण ते ऐकून तोंड वाकडं करतात.

तहसीलदार ऑफिसची कामं हल्ली काकूच करते, बायकांना बस फुकट झाल्यापासून. आधार दाखवायचं आणि बसायचं. गुडघे धरत चढते, पण जाते. तात्यांना इकडं घेऊन या, असं मला इथले बरेच जण सुचवतात. अहो, रोप लावणीच्या दिवसात हा माणूस बेळगावात मुक्काम करत नाही.

फोन केला की पहिला प्रश्न, "कधी येऊलालीस?" आणि परवा दुसरा, "वारसा नोंदीत तुझं नाव घालूया काय?" मुलीचा हक्क आहे, मला ठाऊक आहे. पण नाव घातलं की तो दगड दरवर्षी उकरायचा कुणी? जमीन पडीक ठेवून नुसतं नाव मिरवायचं हे तात्यांना फसवणं होईल, आणि नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नवऱ्याशी बोलले, तो म्हणतो तुझं माहेर, तू ठरव. पोरगं विचारतंय, आपण घेतलं का मग ते घर?

तेव्हा तुमच्यापैकी कुणी इथं राहून गावाकडची शेती खरोखर करवून घेत असेल, वाट्यानं असो, भावकीतल्या कुणाला देऊन असो, त्यांनी जेवणं झाली की मला भेटा. कागद कोण बघतं, भांडण झालं तर कोण जातं, पैसे कसे ठरवले, सगळं सांगा. मला दिवाळीच्या आत तात्यांना उत्तर द्यायचंय.