मोडीत द्यायच्या आधी ही कळशी बघा

नमस्कार मंडळी! ही कळशी दिसतीये ना, तांब्याची आहे, पोटाला पोचे आलेत, बुडाशी कधीतरी डाख दिलाय आणि रंग असा की कुणीही म्हणेल अहो निदान चिंचेने घासा तरी. घासली की चमकते, मान्य, चिंचेतलं आम्ल वरचा ऑक्साइडचा थर काढतं आणि खालून गुलाबी तांबं बाहेर येतं, पण हा तपकिरी, मधेच जांभळट झालेला रंग वर्षानुवर्षं हवेने आणि हाताळून चढलेला असतो, तो घासून टाकायचा म्हणजे जिवावर येतं. दुकानात मिळतो की, ‘अँटिक फिनिश’ म्हणून, केमिकल लावून, फक्त तो सगळीकडे एकसारखा असतो आणि तिथेच पकडला जातो. खरा रंग हात लागतो तिथे उजळ, खाचेत काळा.

आता लाइट जरा तिरका मारतो... हे ठसे दिसले? हे पोचे नाहीत बरं का, हे मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून उठवलेले ठसे. पुण्यात कसबा पेठेच्या तांबट आळीत हे अजूनही हाताने करतात. तांबं तापवलं की मऊ पडतं आणि हातोडीने ठोकलं की परत कडक होतं, म्हणजे हे ठोके नुसते शोभेचे नाहीत, पत्रा त्यांच्यामुळेच ताठ राहतो. आणि हाताचे दोन ठोके हुबेहूब सारखे पडत नाहीत म्हणून उजेड असा लुकलुकतो. मशीनवर दाबलेलं भांडं गुळगुळीत असतं, छानच असतं, पण बघत बसावंसं नाही वाटत, मला तरी.

गळ्यापाशी टिंबाटिंबांनी नाव घातलंय, अर्धं झिजलंय, ‘यांजकडून सप्रेम भेट’ एवढंच लागतं. कुणाकडून, ते गेलं.

पण जुनं दिसलं की लगेच वा वा करू नका हां. आतून हिरवं चढलं की कौतुक बंद, ते पोटात जायला नको. पाणी भरणार असाल तर आतून स्वच्छ घासा. पितळेच्या पातेल्यात कल्हई नसताना आमटी-ताक ठेवलं की कळकतं, तिथे कल्हईवाला गाठायचाच, भांडं तापवून नवसागर मारून कथील फिरवतो, आणि कथील 232 अंशालाच वितळत असल्याने मूळ भांड्याला काही होत नाही. बाहेरून मात्र पितांबरी जरा आवरती घ्या. आणि तुमच्या माळ्यावरच्या भांड्यांवर काय कोरलंय ते वाचून कमेंटमध्ये टाका, मला खरंच वाचायचंय!