तिसरा हात कुठून आणायचा?

पुढे या की, मागे खुर्च्या कशाला भरताय. म्हणजे पुढे बसून काही दिसणार आहे असं नाही, पत्त्यांचा कॅट मी मुद्दाम घरी ठेवून आलोय, कारण एकदा तो बाहेर काढला की कुणी ऐकत नाही, सगळे हातांकडेच बघत बसतात. मी प्रोफेशनल जादूगार वगैरे नाही. नोकरी सांभाळून सोसायटीचा गणपती, कुणाचा बर्थडे, शाळेचं गॅदरिंग, असे प्रयोग करतो. आणि जादूची पुस्तकं वाचतो, प्रयोगांपेक्षा जास्त.

आता ही पुस्तकं वाचायला तीन हात लागतात हे कुणी सांगत नाही. डाव्या हातात कॅट, उजव्याने पत्ता उचलायचा, मग पान कुणी धरायचं? मी पुस्तक डब्याला टेकवून दोन्ही बाजूंनी कपड्यांचे चिमटे लावायचो. आई म्हणायची, अभ्यासाच्या पुस्तकाला कधी चिमटे लागले नाहीत तुझ्या.

आपल्याला वाटतं ही पुस्तकं जादूगारांनी जादूगारांसाठी लिहिली. पण इंग्रजीतलं यातलं एक अगदी जुनं पुस्तक, १५८४ चं, रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या माणसाचं, ते चेटकिणींबद्दल आहे. गरीब म्हाताऱ्या बायकांना चेटकीण ठरवून मारत होते, आणि हा सांगत होता की अरे ही सैतानाची करणी नाही, हे बघा, गोळ्या गायब कशा करतात, मुंडकं कापल्याचं नाटक कसं करतात, सगळं हातचलाखीचं काम आहे. म्हणजे ट्रिक फोडली ती लोकांचा जीव वाचावा म्हणून. 'सिक्रेट फोडू नये' असं कुणी फार गंभीर चेहरा करून सांगायला लागलं की मला हा माणूस आठवतो.

दुसरं पुस्तक १९०२ चं, शिकागोचं, 'द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल'. लेखक एस. डब्ल्यू. अर्डनेस. हे नाव इंग्रजीत उलटं वाचलं की ई. एस. अँड्र्यूज होतं, पण हा बाबा नक्की कोण होता त्यावर लोक अजून भांडतायत. प्रस्तावनेत सरळ सांगून टाकतो की पुस्तक खपलं तर बरं, कारण मला पैशांची गरज आहे! शंभरावर चित्रं आहेत, तरी एकेक वाक्य असं की करंगळी कुठे, अंगठा कुठे, मधलं बोट काय करतंय, वाचता वाचता स्वतःचाच हात परका वाटायला लागतो. एका पानावर मी दोन महिने अडकलो होतो, गंमत नाही.

तर दोन महिने घासून, आरशासमोर वगैरे, मी गणपतीत स्टेजवर गेलो. बदामची राणी तळहातात लपवायची होती. लपवली, अगदी पुस्तकाबरहुकूम, आणि पहिल्या रांगेतला एक कार्टा ओरडला, काका, तुमच्या हातात पत्ता आहे! हात बरोबर होता हो. मीच माझ्या हाताकडे बघत होतो, मग सगळं पब्लिक पण तिकडेच बघणार ना. जादूगार जिकडे बघतो तिकडे लोक बघतात, हे कुठल्याही बऱ्या पुस्तकात असतं, मी ते वाचून सोडून दिलं होतं कारण मला 'खरी' ट्रिक हवी होती.

आणि आपले प्रसिद्ध जादूगार पी. सी. सरकार बघा. ९ एप्रिल १९५६, बीबीसीवर लाइव्ह, मुलीला करवतीने कापलं, ती उठेना, तेवढ्यात वेळ संपली म्हणून प्रोग्रॅमच संपवला. बीबीसीच्या फोन लाइन्स जाम झाल्या, मुलगी मेली काय! ती अर्थात ठणठणीत होती. आता यात करवत किती आणि घड्याळ किती, मला विचाराल तर घड्याळच जास्त.

पोरं म्हणतात, काका, यूट्यूबवर पाच मिनिटांत येतं, चिमटे कशाला? येतं ना, नक्कीच येतं, पण त्या माणसाच्या हातवाऱ्यांसकट येतं, त्याचे जोक पण येतात. पुस्तकात माणूस दिसत नाही, त्यामुळे बोलायचं काय, हसायचं कधी, हे आपलं आपल्यालाच शोधावं लागतं, आणि त्यात वेळ जातो, चिडचिड पण होते.

ते अडकलेलं पान मी परवा परत उघडलं. समासात पेन्सिलीने माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'डावा की उजवा??' आणि त्याच्याखाली, बऱ्याच नंतरच्या पेनने, 'उजवा.'