निगडीचा पाला परीक्षानळीत

ऑगस्टात कोकणात काही वाळत नाही. कपडे नाहीत, सरपण नाही, आणि हा पालाही नाही.

(दृश्य: वहाळाकाठची ओली झुडपं)

ही निगडी, म्हणजे निर्गुडी. पंजासारखी तीन-पाच पानं, खालून पांढुरकी. गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून वईला, म्हणजे कुंपणाला, हीच. घरात बाळंतीण असली की तिच्या आंघोळीच्या पाण्यात उकळायचीही हीच. पाल्यात असतं तरी काय, ते आता रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बघायचंय.

पण आधी वाळवण. उन्हात टाकला तर वास उडतो, म्हणजे त्यातलं सुगंधी तेलच जातं. सावलीत ठेवला तर बुरशी. आजी म्हणते, चुलीवरच्या माळ्यावर टाक. उपाय नामी, फक्त धुरातही फिनॉल असतात, पानातल्यासारखीच रसायनं. मग नळीत दिसलं ते पानाचं की सरपणाचं, हे कसं ओळखायचं? शेवटी पंख्याखाली, वर्तमानपत्रावर, रोज उलटापालट.

वाळलेली पूड सॉक्सलेटमध्ये जाते. १८७९ साली दुधातलं स्निग्ध मोजायला वापरलेलं हे उपकरण. मिथेनॉल हे द्रावक, म्हणजे पानातली रसायनं विरघळवून घेणारा द्रव, खाली उकळतं, वर निवतं, पुडीवर ठिबकतं, भरलं की परत खाली. तासन् तास.

अर्काच्या थेंबात फेरिक क्लोराइड घातलं आणि काळपट निळं किंवा हिरवं झालं, तर टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्यं. पाण्यात हलवल्यावर रिठ्यासारखा फेस टिकला, तर सॅपोनिन. मॅग्नेशियम आणि हायड्रोक्लोरिक आम्लानं गुलाबी-लाल छटा आली, तर फ्लेवोनॉइड, वनस्पतींतली आणखी एक रसायनांची जात. अर्क एवढा हिरवागार, की ती छटा डोळे ताणून शोधावी लागते. आणि सापडली तरी किती, ते कळत नाही.

(दृश्य: आगरची, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीची, बशी)

आता जंतू. बशीभर जंतू पसरून आगरला ६ मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यात अर्क. रात्रभर ३७ अंशांवर. सकाळी भोकाभोवती स्वच्छ कडं दिसलं, म्हणजे तिथं जंतू वाढले नाहीत, की सगळ्यांचे चेहरे खुलतात. जरा थांबा. शेजारच्या भोकात नुसतं द्रावक आहे. तिथंही तेवढंच कडं असेल, तर पाल्याचा काय संबंध? शिवाय व्यासात भोकही मोजलेलं असतं: वहीत ८ मिलिमीटर लिहिलं, तर कड्याची रुंदी एकेका बाजूला जेमतेम १.

ऋतू बदलला की पानातली रसायनंही कमी-जास्त होतात. म्हणून याच झुडपाचा पाला मे महिन्यात पुन्हा काढायचाय. ओळखायला फांदीला लाल नायलॉनची दोरी बांधलीय. सुतळी पावसात कुजली असती.