मालदीवमध्ये डायव्हिंग: मुक्काम बोटीवर की बेटावर?

(दृश्य: विमानाच्या खिडकीतून दिसणारी कंकणद्वीपे. गडद निळ्या पाण्यावर फिकट हिरवी वर्तुळे.)

मुंबईहून निघालेले विमान तीन तासांच्या आसपास मालेला पोहोचते, आणि उतरण्यापूर्वीच्या काही मिनिटांत खिडकीतून जे दिसते, त्यावरूनच या देशात डायव्हिंगची सुट्टी आखणे अवघड का असते ते कळते. उत्तर-दक्षिण सुमारे 870 किलोमीटर पसरलेल्या या समुद्रात 26 नैसर्गिक कंकणद्वीपे, म्हणजे अटॉल, आहेत. बेटे बाराशेच्या घरात आहेत आणि त्यांपैकी दोनशेहूनही कमी बेटांवर स्थानिक लोकांची वस्ती आहे. पाण्याखाली पाहण्यासारखे जे आहे ते एका जागी नाही, आणि जे आज एका जागी आहे ते सहा महिन्यांनी तिथे असेलच असे नाही. म्हणून इथे येणाऱ्या डायव्हरसमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो मुक्कामाचा. आठवडाभर बोटीवरच राहून एका अटॉलमधून दुसऱ्या अटॉलमध्ये फिरत राहावे, की एखाद्या बेटावर खोली घेऊन रोज सकाळी तिथून डाइव्हला जावे?

2009 सालापर्यंत या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता. पर्यटनाला 1972 साली सुरुवात झाल्यापासून परदेशी पाहुण्यांची सोय मुख्यतः स्वतंत्र बेटांवरच्या रिसॉर्टमध्येच होत असे, आणि ते दर न परवडणारा डायव्हर सफारी बोटीचाच रस्ता धरत असे. 2009 मध्ये वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस चालवण्याची परवानगी मिळाली आणि हिशेबच बदलला. आज वावू, अरी, बा अशा अटॉलांमधल्या लहान गावांतही डाइव्ह सेंटर आहेत, आणि पूर्वी बोटीशिवाय ज्यांचा विचारही होत नसे त्या जागा तिथून तासाभराच्या आत गाठता येतात.

(दृश्य: पाण्याखालील खिंड. कडेला हुक अडकवून थांबलेले डायव्हर, समोरून जाणारे ग्रे रीफ शार्क.)

बोटीची बाजू समजून घ्यायची तर आधी इथल्या पाण्याची ओढ समजून घेतली पाहिजे. अटॉलच्या कड्यात जागोजाग खिंडी असतात, त्यांना स्थानिक भाषेत कंडू म्हणतात आणि डायव्हरही तोच शब्द वापरतात. साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत, प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो, त्यामुळे पूर्वेकडच्या कंडूंमधून खुल्या समुद्राचे स्वच्छ पाणी आत शिरते, आणि त्या पाण्याच्या तोंडावर, खिंडीच्या कोपऱ्यावर, शार्क तासन् तास तरंगत राहतात. वावू अटॉलमधल्या मियारू कंडू आणि फोत्तेयो या जागांची ख्याती यामुळेच आहे. याच वेळी अटॉलांच्या पश्चिम बाजूला प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, साचते आणि ते खायला मँटा रे हे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे येतात. मे ते नोव्हेंबरमध्ये नैर्ऋत्य वारे सुरू झाले की सगळे उलटते. स्वच्छ पाणी पश्चिमेला जाते आणि मँटा पूर्वेला.

याचा अर्थ असा की एकाच आठवड्यात शार्क आणि मँटा दोन्ही पाहायचे असतील तर अटॉलच्या दोन्ही बाजूंना जावे लागते, आणि ते काम एका बेटावर बसून होत नाही. माले, वावू आणि अरी या अटॉलांना वळसा घालणारा सात रात्रींचा नेहमीचा मार्ग याच कारणासाठी आखला गेला आहे. कंडूमध्ये कधी उतरायचे हे भरतीवर अवलंबून असते. पाणी आत येत असताना खिंड स्वच्छ आणि सुरक्षित असते, तर बाहेर जात असताना ती गढूळ होते आणि डायव्हरला खुल्या समुद्राकडे ओढून नेऊ शकते. बोट रात्रभर जवळच नांगरलेली असते, त्यामुळे वेळ साधणे तिला सोपे जाते. गेस्टहाऊसची होडी मात्र न्याहारीनंतर निघते आणि समुद्र तिच्यासाठी थांबत नाही.

(दृश्य: पहाट. मोठ्या बोटीला बांधलेली डाइव्ह धोनी. बाकांवर ओळीने लावलेले सिलिंडर.)

मालदीवच्या सफारी बोटींची एक पद्धत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. मोठी बोट केवळ राहण्या-जेवण्यासाठी असते, डायव्हिंग मात्र तिच्यासोबत फिरणाऱ्या दुसऱ्या, लहान बोटीवरून होते. तिला डाइव्ह धोनी म्हणतात. सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसरही या धोनीवरच असतो, त्यामुळे त्याचा आवाज झोपण्याच्या खोल्यांपर्यंत येत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाला बाकावरची एक जागा मिळते आणि ती आठवडाभर त्याचीच राहते. पाण्यात तरंगणे सांभाळणारे डायव्हिंगचे जाकीट एकदा सिलिंडरला बांधले की ते सोडावे लागत नाही, कारण कर्मचारी सिलिंडर जागच्या जागी नळी लावून भरतात. डाइव्हच्या आधी डायव्हर हातात लहानसा मापक घेऊन स्वतःच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन मोजतो, आकडा 32 टक्क्यांच्या आसपास आला की वहीत नोंद करून सही करतो आणि मगच रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारे उपकरण, जोडतो. हे नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेली हवा. त्यात नायट्रोजन कमी असल्यामुळे दिवसाला तीन-चार डाइव्ह करणाऱ्या शरीरावरचा भार कमी होतो. 32 टक्के मिश्रणाची सर्वसाधारण खोलीमर्यादा 33 मीटरच्या आसपास येते आणि मालदीवच्या नियमांनी हौशी डायव्हरला 30 मीटरच्या खाली जाता येत नाही, त्यामुळे इथे हे मिश्रण चपखल बसते.

पहिली डाइव्ह न्याहारीपूर्वी, दुसरी दुपारच्या जेवणाआधी, तिसरी उन्हे कलण्यापूर्वी आणि एखाद्या दिवशी रात्रीची चौथी. मधल्या वेळात जेवणे आणि झोपणे एवढेच काम उरते. सहा दिवसांत सतरा-अठरा डाइव्ह होतात. ज्याला खरोखर डायव्हिंगच करायचे आहे त्याला याहून सोयीची व्यवस्था सापडणे कठीण आहे, हे मान्य करायला हवे.

पण ही सोय सर्वांसाठी नाही, आणि या बाबतीत जाहिराती जरा हात राखूनच बोलतात. बऱ्याच बोटी ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र आणि तीस ते पन्नास डाइव्हची नोंद मागतात, आणि ती अट कागदापुरती समजू नये. आपल्याकडचे अनेक जण तारकर्लीला, गोव्यात किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला पहिले धडे घेतात, पुढे अंदमानात काही डाइव्ह करतात आणि मग थेट मालदीवची बोट ठरवतात. संथ पाण्यात शिकलेल्या माणसाला कंडूमध्ये उतरताना क्षणात खाली जावे लागते, ओढीत कड्याला हुक अडकवून स्थिर राहावे लागते आणि वर येताना खुल्या पाण्यात स्वतःचा खुणेचा फुगा सोडावा लागतो. त्यातच हवा वेगाने संपते, आणि एकाची हवा संपली की बहुधा त्याच्या जोडीदाराचीही डाइव्ह संपते. अशा डायव्हरने पहिल्या खेपेला बेटावर राहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे मार्गदर्शक समोरच्या डायव्हरची तयारी पाहून जागा निवडतो, बोटीवर मात्र पंधरा-वीस जणांसाठी मार्ग आधीच ठरलेला असतो.

सर्दीचाही विचार करायला हवा. बंद नाकाने डाइव्ह करता येत नाही, कान दुखू लागला की दोन-तीन दिवस पाण्याबाहेर काढावे लागतात, आणि रोज तीन-चार वेळा ओले होणारे कान दुखू लागणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. बेटावर केलेल्या डाइव्हचेच पैसे द्यायचे अशी सोय बहुधा मिळते. बोटीचे भाडे मात्र आधीच भरलेले असते, आणि मग गच्चीवर बसून इतरांच्या गप्पा ऐकण्यापलीकडे काही उरत नाही. कुटुंबात डायव्हिंग न करणारे कोणी असेल तर त्यांना आठवडाभर बोटीवर डांबणे हा सरळसरळ अन्याय आहे.

(दृश्य: धारावंधू बेट. जेटीवर वाट पाहणारे पर्यटक, हातात पाण्याखाली पाहण्याचे मुखवटे.)

काही प्राणी मात्र असे आहेत की ज्यांच्यासाठी फिरण्यापेक्षा एका जागी थांबणेच श्रेयस्कर ठरते. बा अटॉलला 2011 मध्ये युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. तिथल्या हनिफारू उपसागरात नैर्ऋत्य मोसमी काळात, विशेषतः अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, प्लँक्टन आत लोटले जाते आणि मँटा थव्याने जमतात. या उपसागरात स्कूबाला, म्हणजे सिलिंडर घेऊन केलेल्या डायव्हिंगला, बंदी आहे, केवळ स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरायची श्वासनळी, लावून, परवानाधारक मार्गदर्शकासोबत आणि ठरावीक वेळेपुरतेच उतरता येते. बोटीचा सारा सरंजाम इथे निरुपयोगी ठरतो. शेजारच्या धारावंधू गावात चार-पाच दिवस मुक्काम करून उधाणाचा दिवस गाठणाऱ्याला जे दिसण्याची शक्यता असते, ती एका सकाळपुरत्या येणाऱ्या बोटीला मिळत नाही.

फुवामुला हे त्याहून ठळक उदाहरण आहे. विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असलेले हे एकच बेट म्हणजे एक स्वतंत्र अटॉल आहे. भोवती सरोवर नाही आणि चारी बाजूंनी खोल समुद्र आहे. बंदराच्या तोंडाशी मासेमार मासळीचे टाकाऊ भाग टाकत आले आणि त्या वासावर टायगर शार्क येत राहिले. आज ते तिथे वर्षभर, फारशा खोल नसलेल्या पाण्यात दिसतात आणि किनाऱ्यापासून होडीने काही मिनिटांत तिथे पोहोचता येते. 2011 पासून बेटावर विमानतळ आहे. टायगर शार्कसाठीच यायचे असेल तर बोटीचा विचार करण्याचे कारणच राहत नाही. दक्षिण अरीमध्ये व्हेल शार्क बारा महिने दिसतात. तिथेही धिगुरा किंवा मामिगिली बेटावर राहून एका दिवशी हुकलेला मासा दुसऱ्या दिवशी शोधता येतो.

सगळा गाजावाजा मात्र मानायचे कारण नाही. वावूमधल्या अलिमथा बेटाच्या जेटीखाली रात्री नर्स शार्क गोळा होतात आणि सफारी बोटी व गेस्टहाऊसच्या होड्या दोन्ही तिथे गर्दी करतात. पाण्यात विजेऱ्यांचे झोत इतके असतात आणि दुसऱ्याच्या फिनचा फटका इतक्या वेळा बसतो की शार्कपेक्षा माणसेच जास्त लक्षात राहतात. शार्क दिसण्याचे श्रेय 2010 मध्ये देशभर लागू झालेल्या शार्क मासेमारीच्या बंदीला द्यावे लागते, जेटीच्या कार्यक्रमाला नव्हे. प्रवाळांबाबतही अपेक्षा बेताची ठेवावी. 1998 आणि 2016 मध्ये पाणी तापून उथळ प्रवाळांची मोठी हानी झाली, आणि बेटालगतच्या उथळ कड्यांवर तिच्या खुणा आजही दिसतात.

(दृश्य: बोटीच्या खालच्या मजल्यावरील खोली. जिना. छतातील आपत्कालीन झडप.)

बोट ठरवण्याआधी सुरक्षेचे प्रश्न विचारताना संकोच करू नये. 2 सप्टेंबर 2019 रोजी कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ कन्सेप्शन या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेले 34 जण दगावले. रात्री फेरी मारून पहारा ठेवणारा कर्मचारी त्या बोटीवर नव्हता. नोव्हेंबर 2024 मध्ये इजिप्तच्या तांबड्या समुद्रात सी स्टोरी ही बोट पहाटे उलटून बुडाली. म्हणून रात्री जागता पहारा असतो का, खालच्या खोल्यांतून बाहेर पडायला जिन्याशिवाय दुसरी वाट आहे का आणि ती आतून, अंधारात, कुलपाशिवाय उघडते का, हे विचारावे. कॅमेऱ्याच्या आणि विजेऱ्यांच्या बॅटऱ्या खोलीत चार्ज करू देतात की माणूस हजर असलेल्या एका ठरावीक जागी, हेही विचारावे. चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्या दुसऱ्या वाटेची झडप स्वतः उघडून पाहावी. खालच्या मजल्यावरच्या खोल्या स्वस्त असतात, पण वाट एकच असेल तर ती बचत करू नये.

पैशांची तुलना वाटते तितकी सरळ नाही. बोटीच्या भाड्यात बहुधा डाइव्ह, जेवण आणि नायट्रॉक्स येते. बेटावर प्रत्येक डाइव्ह, प्रत्येक स्पीडबोट आणि प्रत्येक जेवण वेगळे मोजावे लागते. 2025 पासून हरित कर बोटींवर आणि रिसॉर्टमध्ये माणशी रोज 12 डॉलर, तर पन्नासपर्यंत खोल्यांच्या गेस्टहाऊसमध्ये 6 डॉलर आहे, आणि जुलै 2025 पासून पर्यटनावरचा वस्तू-सेवा कर 17 टक्के झाला आहे. जाहिरातीतला आकडा कर धरून आहे की वगळून, ते पाहावे. दिवसाला तीन डाइव्ह करणाराला बोट स्वस्त पडते, एक-दोन डाइव्ह करून दुपारी झोपणाराला बेट. वस्तीच्या बेटांवर मद्याला पूर्ण बंदी आहे आणि पोहण्याचे तोकडे कपडे नेमून दिलेल्या किनाऱ्यापुरतेच चालतात. बोटीवर दोन्ही गोष्टी मोकळ्या असतात. शाकाहारी प्रवाशाने मात्र दोन्हीकडे आधीच कळवावे, कारण इथे ट्यूना न्याहारीपासूनच ताटात असतो.

परतीच्या विमानाचा हिशेब दोघांनाही चुकत नाही. अनेक दिवस सलग डाइव्ह केल्यावर, शरीरात साचलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून, विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास थांबावे, असे मार्गदर्शक सूत्र आहे, आणि बोटी सहसा 24 तास धरून चालतात. त्यामुळे सात रात्रींच्या सफरीत डायव्हिंगचे दिवस सहाहून अधिक भरत नाहीत, आणि शेवटचा दिवस बोट मालेजवळ नांगरून घालवते. बेटावर राहणाऱ्याला हा कोरडा दिवस हवा तिथे ठेवता येतो, पण त्याला मालेला परतण्याची सोय स्वतः करावी लागते. धारावंधू किंवा फुवामुलाहून देशांतर्गत विमानाने निघणार असाल तर 18 तास त्या पहिल्या विमानापासून मोजायचे, मुंबईच्या विमानापासून नाही. स्पीडबोटीने येणार असाल तर हवामान बिघडल्यास तिची फेरी रद्द होऊ शकते आणि सरकारी फेरीबोटी शुक्रवारी सुटत नाहीत, त्यामुळे शनिवारच्या पहाटेचे विमान पकडण्याआधी बेटावरच्या गेस्टहाऊसला गुरुवारची शेवटची बोट किती वाजता आहे ते विचारून घ्यावे.