निवृत्तीनंतरची पलटण

मंडळी, माजी सैनिकांच्या समाजसेवेचा विषय निघाला की ध्वजदिनाचा निधी, रक्तदान शिबिरं, शाळांमधली भाषणं डोळ्यांपुढे येतात. ही कामं मोलाचीच आहेत. आज मात्र मला एका पलटणीचा इतिहास सांगायचा आहे. टेरिटोरियल आर्मीची, म्हणजे फौजेच्या जोडीच्या राखीव दलाची, ही १२७ वी इकॉलॉजिकल बटालियन १ डिसेंबर १९८२ रोजी डेहराडूनला उभी राहिली. तिचं काम एकच: उजाड डोंगरांवर पुन्हा झाडं उभी करायची. ती गढवाल रायफल्सशी जोडलेली होती आणि तिच्यातले जवान गढवालच्याच पहाडातले माजी सैनिक होते.

त्या वेळी डेहराडूनजवळच्या मसुरीच्या डोंगरांची दशा काय होती? तिथला चुनखडक उत्तम प्रतीचा. कारखान्यांना तो हवा होता, म्हणून सुरुंग लावून डोंगर फोडले गेले आणि राडारोडा खालच्या ओढ्यांत लोटला गेला. चुनखडकाच्या भेगांत पावसाचं पाणी मुरतं आणि पुढे झऱ्यांतून पाझरत राहतं. खडकच काढून नेला तर झरे कसे टिकणार?

याची झळ बसली ती बायकांना. गढवालात घरोघरी कुणी ना कुणी फौजेत. घर चालायचं मनीऑर्डरवर, आणि सरपण, चारा, पाणी हे सगळं बाईच्या डोक्यावर. जंगल जितकं मागं सरकलं, तितकी तिची पायपीट वाढली. फौजेतला साधा जवान निवृत्त होतो तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर असतो. अंगात ताकद असते, शिस्त मुरलेली असते, पहाड चढायची सवय असते. अशा माणसाला त्याच्याच डोंगरावर परत वर्दी देऊन उभं करायचं, ही कल्पना मला फार मोठी वाटते.

काम कसं चालतं ते सांगतो. पावसाळ्याआधी उतारावर खड्डे घ्यायचे. खाणीच्या मुरमाड, दगडी उतारावर कुदळ चालत नाही, पहार लागते. आत माती नसतेच. ती दुसरीकडून आणून भरावी लागते. रोपं पाठीवर वाहून वर न्यायची, पाऊस पडला की लावायची. निघालेले दगड रचून ओढ्यात बांध घालायचे. आणि मग खरं काम सुरू होतं: गुरं आवरणं, वणवा विझवणं, मेलेल्या रोपाच्या जागी नवं लावणं. लावणीच्या दिवशी गर्दी कुठेही जमते हो! दुसऱ्या, तिसऱ्या उन्हाळ्यात त्या उतारावर कोण असतं? इथं पलटण असते, तळ ठोकून. तिचं वेगळेपण मला यातच दिसतं.

त्याच सुमारास डेहराडूनच्या एका संस्थेचं पत्र सर्वोच्च न्यायालयानं याचिका म्हणून दाखल करून घेतलं होतं. मार्च १९८५ मध्ये न्यायालयानं अनेक खाणी बंद करायला सांगितल्या आणि बंद खाणींची जमीन इको टास्क फोर्सनं, म्हणजे याच पलटणीनं, प्राधान्यानं सुधारावी, असं सुचवलं. काम गेलेल्या खाणकामगारांना शक्यतो वनीकरणातच रोजगार द्यावा, हेही त्याच आदेशात आहे. डोंगर फोडणाऱ्या हातांचाही तिथं विचार झाला, हे आवर्जून सांगायला हवं.

पुढे राजस्थानात बिकानेरकडे वाळूचे ढिगारे रोखायला अशीच बटालियन गेली. मग कुमाऊं, हिमाचल, आसाम, दिल्लीच्या भाटी खाणी. आपल्याकडे महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ वी इको बटालियन मराठवाड्यात आली ती २०१७ साली. जमीन आणि रोपं राज्यानं द्यायची, माणसं आणि शिस्त फौजेची, अशी ही साधारण वाटणी. बऱ्याच बटालियनचा खर्चही राज्य सरकारच उचलतं, तोही ठरावीक मुदतीपुरता. मराठवाड्यात रोप जगवायचं म्हणजे आधी पाण्याची सोय. म्हणून मुदत वाढवायची की नाही, हे ठरवताना किती रोपं लावली हा आकडा बाजूला ठेवा. पाच वर्षांमागची किती उभी आहेत, ते मोजायला त्या माळावर जा.