शेवटचा डबा फिरवायचा कुठे?

(रेल्वेप्रेमींच्या एका बैठकीतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय ‘ब्रिटनच्या आलिशान गाड्यांतले ऑब्झर्वेशन डबे का संपले’ असा फळ्यावर लिहिला आहे. त्याचं उत्तर शेवटी देणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. हे डबे काचेमुळे प्रसिद्ध झाले. त्यांचं नशीब मात्र ठरवलं टर्नटेबलनं, म्हणजे इंजिन उलट दिशेला वळवायच्या रुळांच्या फिरत्या चकतीनं.

साध्या डब्याला पुढं-मागं नसतं. शेवटच्या स्टेशनात इंजिन सुटतं, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला येऊन लागतं आणि गाडी परत निघते. ऑब्झर्वेशन डब्याला मात्र तोंड असतं. एका टोकाला शेजारच्या डब्यात जायची वाट आणि दुसऱ्या टोकाला काच. तो गाडीच्या शेपटाला, काच मागं करून लागला तरच त्याचा उपयोग. न फिरवता परत निघालात, तर शिलिंग मोजून बसलेल्या प्रवाशाला सगळा वेळ टेंडरमधला, म्हणजे इंजिनामागच्या गाड्यातला, कोळसा आणि धूर बघावा लागतो.

म्हणून काय करायचं? फलाटाच्या एका टोकाला बफर, म्हणजे रूळ संपतो तिथला अडसर, आणि इंजिन, दुसऱ्या टोकाला आपला डबा. आधी शंटिंगच्या इंजिनानं डबा काढून टर्नटेबलवर न्यायचा आणि अर्धा फेरा फिरवायचा. मग उरलेली गाडी फलाटावरून बाहेर ओढायची, फिरवलेला डबा बफरच्या टोकाला ठेवायचा आणि गाडी मागं ढकलत आणून त्याला जोडायची. एवढी उलाढाल एका डब्यासाठी! टर्नटेबल नसेल तर डबा पुढं-मागं नेऊन उलटा करायला रुळांचा त्रिकोणी मार्ग लागतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही.

आता ज्याच्याविषयी सगळ्यांना बोलायला आवडतं, त्या ‘कॉरोनेशन’कडे येतो. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनं ५ जुलै १९३७ ला लंडनच्या किंग्ज क्रॉसहून एडिनबरोसाठी सुरू केलेली ही गाडी सहा तासांत पोचायची. लंडन ते यॉर्क हे १८८ मैलांचं अंतर १५७ मिनिटांत. शेवटचा डबा बीव्हरच्या शेपटीसारखा उतरता, म्हणून त्याचं नावच ‘बीव्हर टेल’ पडलं. आत सोळा खुर्च्या, आणि बसायचं तर तासाला एक शिलिंग.

या डब्याच्या सौंदर्याची तारीफ होते, पण तो आकार बाहेरून बघणाऱ्यासाठी होता, आत बसणाऱ्यासाठी नव्हता. छत मागं खाली उतरत गेलं की बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढचा देखावा कापला जातो. हेच दोन डबे पुढं स्कॉटलंडच्या डोंगराळ मार्गावर गेले, तेव्हा रेल्वेनं ती शेपटी काढून मोठ्या उभ्या काचा बसवल्या. डब्याचा दोष ओळखायला यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा? दुसरं म्हणजे गाडी सुटायची दुपारी चारला आणि पोचायची रात्री दहाला. जुलैत त्या अक्षांशावर दहापर्यंत उजेड रेंगाळतो, हिवाळ्यात नाही. म्हणून हिवाळ्यात हा डबा काढूनच ठेवत.

शेपटाच्या डब्याचे आणखी दोन त्रास सांगतो. गाडीच्या मागं हवेचा दाब कमी होतो आणि धूळ-काजळी तिथं ओढली जाते, त्यामुळे सगळ्यात आधी मळते तीच काच, जिच्यासाठी पैसे दिलेत. आणि मागून धरून ठेवणारा डबा नसल्यानं शेवटचा डबा जास्त डोलतो. चहाचा कप हातात धरून पाहा म्हणजे कळेल. बाकी शेपटाला लाल दिवा लागायचाच. तो दिसल्याशिवाय गाडी पूर्ण आली असं सिग्नलमन मानत नाही. आपल्याकडच्या ‘एलव्ही’ (लास्ट व्हेईकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटीचं काम तेच.

आता ‘डेव्हन बेल’. ही माझी सगळ्यात लाडकी, त्यामुळे जरा रेंगाळणार. २० जून १९४७ ला ब्रिटनच्या सदर्न रेल्वेनं ही सुट्टीची पुलमन, म्हणजे आलिशान डब्यांची, गाडी सुरू केली. दुपारी बाराला लंडनच्या वॉटर्लूहून निघायची आणि डेव्हनमधल्या सिडमथ जंक्शनपर्यंत प्रवाशांसाठी कुठंच थांबायची नाही. पण इंजिन थांबल्याशिवाय कसं जाणार? धावता धावता पाणी भरायचे रुळांमधले हौद सदर्नकडे नव्हतेच. म्हणून सॉल्सबरीच्या पुढं विल्टनला इंजिन बदलायचं, आणि तो थांबा वेळापत्रकात प्रवाशांसाठी नाही. मोठ्या अभिमानानं जाहीर केलेला ‘विनाथांबा’ प्रवास असा पाण्यापाशी अडायचा.

एक्झेटरला गाडीचे दोन भाग व्हायचे, एक प्लिमथला, एक इल्फ्रकोमला. ऑब्झर्वेशन डबा इल्फ्रकोमच्या भागाच्या शेवटी. म्हणजे लंडनहून निघतानाच प्लिमथचे डबे पुढं लावायला हवेत. येताना परत जोडणी करतानाही प्लिमथचे पुढं, इल्फ्रकोमचे मागं. नाहीतर काचेचा डबा गाडीच्या मधोमध. एका डब्यापायी सबंध गाडीचा क्रम बांधला गेला.

एक्झेटरच्या सेंट डेव्हिड्स स्टेशनात तुम्हाला एक गंमत दिसली असती. ग्रेट वेस्टर्न या दुसऱ्या रेल्वेची लंडनची गाडी एका दिशेला निघायची आणि सदर्नची लंडनची गाडी बरोबर उलट दिशेला. नवख्या प्रवाशाला हमाल दोन्हीकडे बोट दाखवत असेल तर तो खरंच बोलत होता! तिथून एक्झेटरच्याच सेंट्रल स्टेशनचा चढ ३७ फुटांना एक फूट. जड गाडीला मागून ढकलायला इंजिन लागायचं. खुद्द इल्फ्रकोमहून निघताना चढ ३६ ला एक. मागून इंजिन लागलं की काचेच्या डब्यातल्या प्रवाशाला दिसतं काय, तर हातभर अंतरावर बॉयलरचं गोल झाकण.

या गाडीचे दोन ऑब्झर्वेशन डबे, १३ आणि १४ क्रमांकांचे. नवे बांधले नव्हते. चौदा नंबरचा १९१८ मध्ये जखमी सैनिकांच्या गाडीसाठी बांधलेला, १९२१ मध्ये पुलमन झालेला, १९४७ मध्ये काचा आणि बार बसवून पुन्हा बदललेला. इल्फ्रकोमला तो टर्नटेबलवर फिरवत. प्लिमथचा भाग १९४९ च्या मोसमानंतर बंद झाला, गाडीच १९५४ मध्ये. मग हे डबे उत्तर वेल्सच्या सहलींना, तिथून स्कॉटलंडला. १९६९ मध्ये ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ इंजिनाबरोबर चौदा नंबर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. दौऱ्याचे पैसे संपले. इंजिन १९७३ मध्ये परत आलं, डबा सॅन फ्रान्सिस्कोत अडकला आणि २००७ मध्ये इंग्लंडला परतला. आज तो स्वॉनेजच्या जतन केलेल्या मार्गावर आहे, आणि तेरा नंबर पेन्टन-डार्टमथच्या मार्गावर.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा मूळ प्रश्न भरभर घेतो.

‘मोटारींनी मारलं’ हे उत्तर मला मान्य नाही. इल्फ्रकोमचा मार्ग १९७० मध्ये बंद झाला, हे खरं. पण स्कॉटलंडमधले मॅलेग आणि काइल ऑफ लोकॅल्शचे मार्ग आजही चालू आहेत, आणि हे जुने डबे तिथूनही १९६० च्या दशकातच गेले. प्रवासी होते, डोंगर होते, समुद्र होता.

पहिलं कारण हिशेबाचं. ‘कॉरोनेशन’च्या सोळाही खुर्च्या सहाही तास भरल्या तरी एका फेरीचे ९६ शिलिंग, म्हणजे ४ पौंड १६ शिलिंग. त्यात सबंध डबा ओढायचा, फिरवायचा, पुसायचा. दुसरं, टर्नटेबल इंजिनांसाठी होतं, डबा तिथं पाहुणा होता. दोन्हीकडे केबिन असलेली डिझेल इंजिनं आली, त्यांना फिरायची गरज उरली नाही आणि यजमानच गेले. तिसरं, १९५० च्या दशकात नव्या डिझेल रेलकार आल्या. त्यांत चालकाच्या पाठीमागं काच होती. पहिल्या बाकावरून साध्या तिकिटात समोरचा रूळ दिसायचा, तोही दोन्ही टोकांना, न फिरवता. माझ्या मते ऑब्झर्वेशन डब्याला खरी टक्कर दिली ती या साध्या गाडीनं.

जाता जाता मुंबई-पुणे गाड्यांतल्या आपल्या व्हिस्टाडोम या काचेच्या डब्याचं. बोरघाटाचा चढही ३७ ला एक, आणि पुण्याकडे जाताना कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लागतात. गाडी शेवटच्या स्टेशनात पोचल्यावर डबा फिरवत नाहीत असं धरून कागदावर मांडा. घाट चढताना डबा पुढं असेल तर टोकाच्या काचेसमोर आपलं इंजिन, मागं असेल तर बँकर. म्हणजे चढताना टोकाच्या काचेतून घाट दिसणारच नाही. उतरताना दिसेल, पण डबा गाडीच्या पुण्याकडच्या टोकाला असेल तरच. तिकीट काढण्याआधी डब्यांचा क्रम तपासा, आणि टोकाची काच हवी असेल तर पुण्याहून मुंबईला येतानाचं काढा.