बुलपेनमधून पहिल्या इनिंगकडे

बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणारा स्टार्टर आणि नंतर त्याच्या जागी येणारा रिलीव्हर, दोघेही पिचरच, म्हणजे चेंडू टाकणारे. पण त्यांच्या कामात मोठा फरक आहे. स्टार्टर साधारणपणे दर पाचव्या दिवशी मैदानात उतरतो, नव्वद-शंभर चेंडू टाकतो आणि सामन्याच्या नऊपैकी पाच-सहा इनिंग सांभाळतो; एका इनिंगमध्ये त्याला समोरच्या संघाचे तीन जण बाद करायचे असतात. रिलीव्हर बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेत, बोलावण्याची वाट पाहत बसतो, बहुतेक वेळा एकच इनिंग टाकतो आणि कदाचित दुसऱ्याच दिवशी पुन्हा उभा राहतो. आपल्याकडे ट्वेंटी-20 मध्ये चार षटके टाकणाऱ्या गोलंदाजाला कसोटीत दिवसभर राबवताना जी शंका मनात येते, तीच शंका अमेरिकेतले क्लब रिलीव्हरला स्टार्टर करताना बाळगतात. ही शंका बहुधा खांद्याच्या ताकदीभोवती फिरत राहते. मला मात्र वाटते की खरा प्रश्न दुसरीकडे आहे: हा माणूस मुळात बुलपेनमध्ये गेला कशामुळे, आणि ते कारण आता दूर झाले आहे का?

हे तपासायला शिकागो व्हाइट सॉक्स हा क्लब फार सोयीचा आहे, कारण गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत त्याने हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला आहे आणि त्याचे निकाल एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत.

1970 मध्ये विल्बर वुड 77 सामन्यांत खेळला आणि प्रत्येक वेळी रिलीव्हर म्हणूनच. तो नकलबॉल टाकत असे. हा चेंडू जवळजवळ फिरकीविना, संथ गतीने जातो आणि वाटेत कुठे वळेल हे टाकणाऱ्यालाही नीट ठाऊक नसते. हा चेंडू हेच मुख्य अस्त्र करण्याचा सल्ला त्याला याच क्लबमध्ये जुना नकलबॉलपटू हॉइट विल्हेल्म याने दिला होता. 1971 च्या हंगामापूर्वी जोएल हॉरलेन जखमी झाला, स्टार्टरची एक जागा रिकामी झाली आणि ती वुडला मिळाली. त्या वर्षी त्याने 334 इनिंग टाकल्या, 22 सामने जिंकले आणि दर नऊ इनिंगमागे दिलेल्या (क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेलेल्या वगळून) धावांची त्याची सरासरी, म्हणजे ईआरए, 1.91 राहिली. पुढच्या वर्षी त्याने 49 सामन्यांची सुरुवात केली आणि 376 हून अधिक इनिंग टाकल्या. आजच्या पिचरला हे आकडे छापखान्याची चूक वाटतील. नकलबॉल टाकताना हातावर ताण कमी पडतो, म्हणून हे शक्य झाले, असे सहसा सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण तितकेच महत्त्वाचे म्हणजे, बॅटरने नकलबॉल तिसऱ्यांदा पाहिला तरी त्याला त्याची ओळख पटत नाही.

हे तिसऱ्यांदा पाहणे जरा उलगडून सांगतो, कारण सारा विषय तिथेच अडतो. फलंदाजीच्या क्रमात नऊ जण असतात. रिलीव्हर त्यांतल्या तीन-चार जणांना, तेही एकदाच, सामोरा जातो, म्हणून त्याला वेगवान फास्टबॉल आणि एक चांगला स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळणारा चेंडू, पुरतो. स्टार्टरसमोर तोच बॅटर त्याच दिवशी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येतो. तोवर त्याने चेंडू हातातून कसा सुटतो हे पाहिलेले असते, आणि दर फेरीगणिक त्याची कामगिरी सुधारते, असे आकडेवारी वर्षानुवर्षे दाखवते आहे. शिवाय ताकद पुरवून वापरायची असल्याने स्टार्टर झालेल्या पिचरचा वेग सहसा ताशी मैल-दोन मैलांनी घटतो. म्हणजे चेंडू हळू झाला आणि बॅटर सरावला, अशा दोन्ही बाजूंनी कोंडी होते. तिसऱ्या-चौथ्या प्रकारचा चेंडू लागतो तो इथे.

याच क्लबने 1976 मध्ये गूज गॉसेजला स्टार्टर केले, तेव्हा हा विचार कितपत झाला होता कोण जाणे. आदल्या वर्षी 26 सेव्ह, म्हणजे संघाची आघाडी शेवटपर्यंत राखून संपवलेले सामने, मिळवून तो मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगमध्ये पहिला आला होता. नवे मॅनेजर पॉल रिचर्ड्स यांनी त्याला 29 सामन्यांची सुरुवात करायला लावली. त्याने 224 इनिंग टाकल्या, त्यांतले पंधरा सामने शेवटपर्यंत एकट्याने खेळला; म्हणजे दमाची उणीव नव्हती. तरीही 9 विजय आणि 17 पराभव. संघ दुबळा होता, हे मान्य करूनही सांगायला हवे की त्याच्या चेंडूतली दहशत त्या वर्षी ओसरली होती. पुढच्या वर्षी पिट्सबर्गने त्याला पुन्हा बुलपेनमध्ये बसवले आणि 133 इनिंगमध्ये 151 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) व 1.62 ईआरए घेऊन तो मोकळा झाला. त्याला बुलपेनमध्ये ठेवण्याचे कारण त्याची उणीव नव्हती, त्याचे सामर्थ्य होते. ते हलवण्यात काहीच मिळाले नाही.

याच क्लबच्या ख्रिस सेल आणि गॅरेट क्रोशे यांची गोष्ट उलटी आहे. सेल महाविद्यालयात स्टार्टरच होता. 2010 मध्ये निवड झाल्यावर त्याच उन्हाळ्यात क्लबला हात कमी पडत होते म्हणून तो बुलपेनमध्ये आला, आणि 2011 मध्ये तिथेच 71 इनिंग टाकून राहिला. 2012 मध्ये त्याला स्टार्टर केल्यावर मे महिन्यात कोपर दुखू लागले आणि क्लबने घाबरून त्याला क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा रिलीव्हर, करून टाकले. सेलने विरोध केला, तपासणीत गंभीर काही निघाले नाही, आणि थोड्याच दिवसांत तो परतला. वर्षाअखेर 192 इनिंग आणि 17 विजय. क्रोशे तर 2020 मध्ये निवडीनंतर काही महिन्यांतच थेट वरच्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, आला, पुढे कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे 2022 च्या हंगामाला त्याला मुकावे लागले, आणि 2024 च्या सलामीच्या सामन्यापूर्वी त्याने तिथे एकदाही सुरुवात केलेली नव्हती. पहिल्याच दिवशी त्याने डेट्रॉइटविरुद्ध सहा इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि संघ 1-0 असा हरला. फास्टबॉलच्या जोडीला कटर, म्हणजे तसाच वेगवान पण शेवटी किंचित वळणारा चेंडू, आल्यामुळे बॅटरला अंदाज बांधणे अवघड झाले. जुलैपासून मात्र क्लबने त्याला चार इनिंगपुढे जाऊ दिले नाही, आणि हा सावधपणा मला योग्य वाटतो: हंगामात 146 इनिंग, 209 स्ट्राइकआउट. 2025 मध्ये बॉस्टनसाठी त्याने दोनशेहून अधिक इनिंग टाकल्या.

बॉस्टनच्याच डॅनियल बार्डला 2012 मध्ये हे जमले नाही, आणि त्याचे कारण आधीच्या नोंदींत दिसत होते. 2007 मध्ये खालच्या लीगमध्ये स्टार्टर असताना तो दर इनिंगमागे सरासरी एकापेक्षा जास्त वॉक देत होता, म्हणजे चार चेंडू बाहेर टाकून बॅटरला फुकट पहिला बेस देत होता. बुलपेनमध्ये तो सावरला, दरारा निर्माण केला, आणि तो दरारा पाहून क्लबने त्याला पुन्हा त्याच जागी उभे केले. दहा सुरुवातींनंतर, टोरोंटोत दोन इनिंगही पुऱ्या न होता सहा वॉक दिल्यावर, त्याची रवानगी खालच्या लीगमध्ये झाली. उणीव बुलपेनने झाकली होती, दूर केली नव्हती.

क्लबांना हा मोह का पडतो, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. सिद्ध स्टार्टर फार महाग मिळतो. त्या तुलनेत कॅन्सस सिटीने सेथ लुगोशी तीन वर्षांसाठी साडेचार कोटी डॉलरचाच करार केला. न्यूयॉर्क मेट्सकडे तो कितीतरी वर्षे मुख्यतः रिलीव्हर होता, जरी त्याच्याकडे आठ-नऊ प्रकारचे चेंडू होते, जे एका इनिंगमध्ये दाखवायलाही वेळ पुरत नाही. 2024 मध्ये त्याने 206 हून अधिक इनिंग टाकल्या आणि सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात अमेरिकन लीगमध्ये दुसरा आला, तेव्हा त्याचे वय चौतीस होते. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोने जॉर्डन हिक्सला, ज्याची ख्याती शंभर मैलांपलीकडच्या वेगासाठी होती, वीस वेळा स्टार्टर म्हणून उतरवले, आणि हंगाम संपण्याआधीच तो बुलपेनमध्ये परतला.